चेरीच्या मठातील पाहुणे

मिशनकार्याचा इतिहास वाचताना आपले लक्ष साहजिकच फळांकडे जाते. किती चर्चेस उभी राहिली, कितीजणांचा बाप्तिस्मा झाला, किती शाळा निघाल्या, ही मोजदाद करून आपण एखाद्या मिशनरीचे यश ठरवितो. या मोजपट्टीने पाहिले तर १६२७ साली भूतानमध्ये शिरलेले दोन येशूसंघीय धर्मगुरू अपयशीच ठरतील. त्यांच्या मागे तेथे ना चर्च उरले, ना ख्रिस्ती वस्ती. उरले ते केवळ एक लांबलचक पत्र. परंतु त्या चिमुकल्या पर्वतीय देशाच्या इतिहासात या पत्राला जे स्थान आहे, ते पाहिले म्हणजे आपल्या मोजपट्टीचाच फेरविचार करावासा वाटतो.

भूतान हा देश विस्ताराने आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढा. दक्षिणेला आसाम-बंगालच्या सपाटीला लागून घनदाट, दमट अरण्य आहे. तेथून डोंगरात शिरणाऱ्या खिंडींना ‘दुआर’ म्हणजे द्वारे म्हणतात. या द्वारांतून वर चढत गेले की पारो, थिंफू, पुनाखा अशी सुपीक खोरी लागतात आणि त्यांच्याही पलीकडे हिमशिखरांची भिंत तिबेटपर्यंत पसरलेली आहे. पारोचे खोरे समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून उंच आहे. अरण्यातील हिवताप आणि वरच्या खिंडींतील हिम या दोन पहारेकऱ्यांनी शतकानुशतके या देशाची राखण केली. थिंफूला मोटारीचा रस्ता पोहोचला तोच मुळी १९६२ मध्ये.

मग सुमारे चारशे वर्षांपूर्वी तेथे पायी जाण्याचे धाडस कोणी व कशासाठी केले? फादर एस्तेवांव कासेला आणि फादर जुआंव काब्राल हे ते दोघे. दोघेही पोर्तुगीज. कासेला चाळिशी ओलांडलेले व केरळात बरीच वर्षे सेवा केलेले. काब्राल त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान. त्यापूर्वी १६२४ साली फादर आंतोनियु द आंद्राद हे गढवालच्या बाजूने हिमालय ओलांडून पश्चिम तिबेटात पोहोचले होते. पूर्वेकडूनही वाट सापडेल, त्या वाटेवर कदाचित विस्मृतीत गेलेले ख्रिस्ती लोक भेटतील आणि पुढे ‘कॅथे’ देशाचा उलगडा होईल, अशी त्या काळी आशा होती. १६२६ च्या एप्रिलअखेर त्यांनी कोचीन सोडले. हुगळी, ढाका, आसामातील हाजो, कूचबिहार असा प्रवास करीत, वाटेत लुबाडले जात, मार्च १६२७ मध्ये ते पारोला येऊन पोहोचले.

त्या वेळी भूतान हे एकसंध राज्य नव्हते. ते घडविणारा पुरुष मात्र तेथे येऊन दाखल झाला होता. शबद्रुंग ङवांग नामग्याल हे तिबेटातील रालुंग मठाचे द्रुक्पा पंथीय लामा. आपल्या पंथाच्या थोर गुरूचा अवतार कोण, या वादात तिबेटातील त्सांग प्रांताचा राजा विरोधात गेल्यामुळे १६१६ साली त्यांनी दक्षिणेची वाट धरली. थिंफू खोऱ्याच्या वरच्या टोकाला त्यांनी चेरी येथे मठ बांधला. याच मठात दोन्ही धर्मगुरू कित्येक महिने त्यांचे पाहुणे म्हणून राहिले. कासेला यांनी ४ ऑक्टोबर १६२७ रोजी कोचीनच्या वरिष्ठांना पत्र लिहिले ते येथूनच.

या पत्रात आपल्याला शबद्रुंग भेटतात ते तेहेतीस वर्षांचे, मृदू स्वभावाचे, लांब केस राखलेले साधक म्हणून. भात, मांस, मासळी वर्ज्य करून ते फळे व दूध यांवर राहत. तीन वर्षे त्यांनी कड्याला चिकटलेल्या एका लहानशा खोपटात कोणाचेही तोंड न पाहता काढली होती. अन्न दोरीने वर पोहोचविले जाई. रिकाम्या वेळी ते मूर्ती घडवीत व चित्रे काढीत. पाहुण्यांजवळचे देवदूत राफाएलचे चित्र पाहून तसेच एक चित्र काढायला त्यांनी आरंभही केला होता. एका बौद्ध मठाधिपतीने मन लावून रेखाटलेला राफाएल, वाटसरूंचा सांगाती! हा प्रसंग वाचून मन क्षणभर थबकते.

दोघांना प्रार्थनेसाठी जागा मिळाली, उपदेश करण्याची मुभाही मिळाली. पण दिवस जाऊ लागले तशी दोघांच्या ध्यानात एक गोष्ट आली. यजमान उदार होता, जिज्ञासू होता. परंतु आपला धर्म सोडणारा नव्हता. शिवाय दूरदेशीच्या या विद्वानांनी आपल्याच आश्रयाला राहावे, अशी त्याची इच्छा होती. त्यांना तर पुढे तिबेटातील शिगात्सेला जायचे होते आणि शिगात्से ही शबद्रुंगांच्या वैऱ्याची, त्सांगच्या राजाची राजधानी! यजमानाचे मन राखावे की अंगीकृत कार्य पुढे न्यावे, असा तो पेच होता. अखेर कासेला पुढे निघून गेले, काब्राल मागे थांबले आणि जानेवारी १६२८ मध्ये तेही शिगात्सेला पोहोचले. भूतानचे मिशन तेथेच संपले.

पुढची कथा थोडक्यात सांगावी इतकी करुण आहे. काब्राल नेपाळमार्गे बंगालात उतरले. मदतीला निघालेले फादर मानुएल दियश १६२९ मध्ये वाटेतच मरण पावले. कासेला कसेबसे पुन्हा शिगात्सेला पोहोचले आणि मार्च १६३० मध्ये त्यांनीही तेथे प्राण सोडला. काही वर्षांत ते मिशन बंद झाले. काब्राल दीर्घायुषी ठरले. १६६९ साली त्यांना गोव्यात मरण आले.

इकडे शबद्रुंगांनी १६२९ मध्ये सिमतोखा व १६३७ मध्ये पुनाखा येथे भक्कम ‘झोंग’ म्हणजे गढीवजा मठ उभारले आणि विखुरलेली खोरी एका शासनाखाली आणली. १६५१ मध्ये ते वारले तेव्हा राज्य फुटू नये म्हणून ती वार्ता सुमारे अर्धशतक गुप्त ठेवण्यात आली. भूतानी चरित्रकारांनी त्यांना दिव्य पुरुष म्हणून रंगविले. त्या चरित्रातही पोर्तुगालहून आलेल्या परक्यांचा उल्लेख आहे: त्यांनी बंदुका, दारूगोळा व दुर्बीण नजर केली, सैन्याची मदत देऊ केली, परंतु धर्माला ते शोभणार नाही म्हणून शबद्रुंगांनी ती नाकारली. मात्र हाडामांसाचे शबद्रुंग पाहायचे असतील तर अभ्यासकांना कासेलांच्या पत्राकडेच वळावे लागते. भूतानचे हे पहिले युरोपीय वर्णन. ज्याचे मत आपल्याला पटत नाही, ज्याला आपण आपल्या मार्गावर आणू शकलो नाही, त्याचे गुण इतक्या निर्मळपणे लिहून ठेवायला मनाचा मोठेपणा लागतो.

साडेतीन शतकांनी तो धागा पुन्हा जुळला. दार्जिलिंगला कार्यरत असलेले कॅनडाचे येशूसंघीय फादर विल्यम मॅकी यांना १९६३ साली भूतान सरकारने शाळा काढण्यासाठी बोलाविले. धर्मप्रसारासाठी नव्हे, शिक्षणासाठी हे बोलावणे होते आणि ती मर्यादा त्यांनी पाळली. त्राशिगांगची शाळा, पुढे कांगलुंगचे शेरुबत्से यांतून देशाच्या कारभाराची धुरा वाहणारी पिढी तयार झाली. १९८५ मध्ये त्यांना भूतानचे नागरिकत्व मिळाले आणि १९९५ मध्ये त्याच भूमीवर त्यांनी देह ठेवला.

कासेला निघून गेले, मॅकी राहिले. एकाच्या हातून पत्र घडले, दुसऱ्याच्या हातून माणसे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत या दोघांच्या नावापुढे फारसे काही सापडणार नाही. पण पेरणारा आपल्या वाट्याचे बी टाकून पुढे जातो. मळणी त्याच्या डोळ्यांदेखत व्हावी असा काही नियम नाही. पाहुणा म्हणून गेलेल्या घराचे जसे आहे तसे, प्रेमाने वर्णन करणे हीदेखील साक्षच नव्हे काय?