करमुक्त रोखे आणि मध्यस्थाचे मोल

१/ शहराला जलवाहिनी टाकायची आहे आणि तिजोरीत तेवढा पैसा नाही. अशा वेळी अमेरिकेतील शहरे कर्जरोखे काढतात. १९१३च्या प्राप्तिकर कायद्याने या रोख्यांवरील व्याज केंद्रीय करातून वगळले. परिणामी गुंतवणूकदार कमी व्याजावरही समाधानी राहतो. मात्र शहर आणि गुंतवणूकदार यांच्यामध्ये आणखी एक जण उभा असतो. आजचा थ्रेड त्याच्याविषयी.

२/ तो म्हणजे अंडररायटर. शहराचे सगळे रोखे तो घाऊक विकत घेतो आणि किरकोळीने विकतो. दोन्ही किमतींतील फरक हाच अंडररायटिंगचा खर्च. हजार डॉलरांच्या रोख्यामागे अमुक डॉलर, असा तो मोजतात. रक्कम क्षुल्लक भासते. पण ती अखेर नागरिकांच्याच खिशातून जाते.

३/ हा फरक ठरतो कशावर? प्रथम जोखमीवर. रोखे हाती असताना बाजारातील व्याजदर चढले, तर रोख्यांची किंमत घसरते आणि तोटा मध्यस्थाला सोसावा लागतो. मुदत लांब असेल तर ही घसरण अधिक तीव्र. मग येते शहराची पत आणि कर्जाचा आकार. लहान कर्जालाही कागदपत्रांचा खर्च फारसा चुकत नाही; म्हणून दर रोख्यामागे बोजा वाढतो.

४/ करमुक्तीमुळे ग्राहकही मोजकेच उरतात. निवृत्तिवेतन निधींना मुळातच कर नाही. त्यांनी कमी व्याजाचा रोखा का घ्यावा? उरतात ते भरपूर कर भरणारे लोक आणि संस्था. त्यांना हुडकून काढणे हेच मध्यस्थाचे खरे कौशल्य.

५/ आता १९३३ सालाकडे वळू. शेअर बाजार कोसळल्यानंतर आलेल्या ग्लास-स्टीगल कायद्याने व्यापारी बँकांना अंडररायटिंगपासून दूर केले. शहराच्या एकूण करवसुलीची हमी असलेले रोखे तेवढे त्यांना मोकळे राहिले. टोल वा पाणीपट्टीतून फेडायचे 'महसुली रोखे' बहुतांशी निषिद्ध ठरले.

६/ एकाच देशात आता दोन बाजार झाले: एकात बँका स्पर्धेला होत्या, दुसऱ्यात नव्हत्या. शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ रूबेन केसेल यांनी १९७१ साली करमुक्त रोख्यांच्या बाजारातील स्पर्धेचा अभ्यास प्रसिद्ध केला. निविदा जितक्या अधिक, तितका मध्यस्थाचा वाटा कमी, असे त्यांना आढळले. कारण उघड आहे. प्रत्येक मध्यस्थाचे ग्राहक निराळे. बोली लावणारे वाढले की सर्वाधिक किंमत देणारा ग्राहक सापडण्याची शक्यता वाढते.

७/ आणि निविदाच आल्या नाहीत तर? १९७५ साली न्यूयॉर्कने ते अनुभवले. शहराच्या पतीवरील विश्वास उडाला आणि बँकांनी त्याचे रोखे विकण्यास नकार दिला. तेव्हा दराची चर्चाच संपली. जूनमध्ये राज्याने म्युनिसिपल असिस्टन्स कॉर्पोरेशन स्थापन केली आणि शहराच्या विक्रीकराचे उत्पन्न तिच्या रोख्यांमागे उभे केले.

८/ महसुली रोख्यांवरील बंधन १९९९च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्याने पुरेसे भांडवल असलेल्या बँकांपुरते उठले. ते घातले होते ठेवीदारांच्या रक्षणासाठी, आणि तो हेतू खोटा नव्हता. पण कमी झालेल्या स्पर्धेची किंमत टोल आणि पाणीपट्टी भरणाऱ्यांनी दशकानुदशके मोजली. जुना पूल पाहताना आपण त्यावरचे साल वाचतो. त्याच्या रोख्यांना निविदा किती आल्या होत्या, हेही एकदा विचारून पाहावे.