हमीदिया मशिदीच्या मैदानातली कढई

उमराहला जाताना विमानतळावर अम्मीच्या बोटांचे ठसे काचेवर उमटेनात. आयुष्यभर भांडी-धुणी करून रेषा झिजलेल्या. चौथ्या प्रयत्नात उमटले. पुढे निघाल्यावर तिने विचारलं, "हे ठसे किती दिवस ठेवतात रे?" मला सांगता आलं नाही. रांग लवकर सरकली एवढ्यावरच मी खूश होतो.

हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांनी विचारला होता, आणि त्यात मुस्लीम व्यापारी आघाडीवर होते.

बोटांच्या ठशांचं शास्त्र आपल्याच भूमीत वाढलं. 1897 मध्ये कोलकात्यात ठशांची कचेरी सुरू झाली. तिथली वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. पण तिच्यामागचं गणित प्रामुख्याने काझी अझीझुल हक यांचं होतं आणि हेमचंद्र बोस यांचाही त्यात हात होता. हेतू गुन्हेगार ओळखण्याचा. 1900 मध्ये हेन्री दक्षिण आफ्रिकेत पोलीस दलाची घडी बसवायला गेले.

1906 मध्ये ट्रान्सवाल सरकारने एका कायद्याचा मसुदा जाहीर केला. आठ वर्षांवरील प्रत्येक भारतीयाने नाव नोंदवायचं, ठसे द्यायचे, दाखला जवळ बाळगायचा आणि पोलिसाने मागताच दाखवायचा. नाहीतर दंड, कैद किंवा हद्दपारी. कारण सांगितलं गेलं ते हद्दीतून चोरून येणाऱ्यांचं. 11 सप्टेंबर 1906 रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये सभा भरली. अध्यक्ष होते अब्दुल गनी. शेठ हाजी हबीब यांनी खुदाला साक्षी ठेवून हा कायदा न मानण्याची शपथ घ्यायला सांगितलं. सत्याग्रहाची सुरुवात ती हीच.

1907 मध्ये कायदा झाला. 1908 च्या जानेवारीत गांधीजी आणि जनरल स्मट्स यांच्यात तडजोड झाली: लोकांनी स्वखुशीने नोंदणी करावी, मग सरकार कायदा मागे घेईल, असा गांधीजींचा समज होता. मीर आलम हा पठाण भडकला. ठसे तर गुन्हेगारांचे घेतात, हे आम्हाला तुम्हीच सांगितलंत ना, असा त्याचा सवाल होता. 10 फेब्रुवारीला नोंदणीसाठी निघालेल्या गांधीजींवर त्याने आणि साथीदारांनी हल्ला केला. हल्ला चुकीचाच. पण प्रश्न?

गांधीजींचं उत्तर होतं की सक्तीने द्यायचा ठसा हा अपमान आणि राजीखुशीने दिलेला ठसा हा सौजन्याचा भाग. हा फरक मला आजही पटतो. पण तो टिकायला समोरच्यानेही शब्द पाळावा लागतो. कायदा रद्द झाला नाही. 16 ऑगस्ट 1908 रोजी हमीदिया मशिदीच्या मैदानात लोखंडी कढईत दोन हजारांहून अधिक दाखले जाळले गेले. मीर आलमही तिथे होता. त्याने आपली चूक कबूल केली आणि स्वतःचा जुना दाखला जाळायला दिला.

आज मुंबईच्या विमानतळावरही जलद इमिग्रेशनची सोय आहे: आधी अर्ज करून ठसे आणि चेहरा नोंदवायचा, मग स्वयंचलित दारातून जायचं. योजना ऐच्छिक आहे. लहान मुलं, म्हातारी माणसं सोबत असली की अशा सोयीचं मोल कळतं. तिला नाकं मुरडण्यात अर्थ नाही.

पण 'ऐच्छिक' या शब्दाची राखण करायला हवी. ठसे न देणाऱ्याची रांग मुद्दाम लांबवली, तर ती खुशी उरत नाही. ठसे कुठे राहतात, कोण पाहतं, कधी पुसले जातात, हे विचारणं म्हणजे देशद्रोह नव्हे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला आहे. पासवर्ड बदलता येतो, बोटं बदलता येत नाहीत.

हाजी हबीब यांच्या पिढीचा विश्वास मोडला, तेव्हा जाळायला निदान कागद तरी हातात होता. आपला ठसा दूरच्या कुठल्यातरी यंत्रात आहे. तो कुठल्या कढईत टाकणार? म्हणून अम्मीचा प्रश्न बोट टेकवण्याआधी विचारायला हवा. मी तो नंतरही विचारला नव्हता.