लॅम्बटनचे त्रिकोण आणि मेशमधला टॉलरन्स

मेशिंग फेल झालं की लॅबमधला पहिला सल्ला ठरलेला असतो: टॉलरन्स वाढवून बघ. बहुतेक वेळा काम होतंही. पण तो आकडा बदलला की नेमकं काय बदलतं, हे व्हायव्हात कुणी विचारलं तर गाडी अडते. या प्रश्नाची मुळं सॉफ्टवेअरपेक्षा बरीच जुनी आहेत, आणि त्यातलं एक आपल्या नागपूरच्या दक्षिणेला, हिंगणघाटात सापडतं.

विल्यम लॅम्बटन 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटात वारला. हैदराबादहून नागपूरकडे निघाला होता. त्याची कबर तिथेच आहे. 1802 मध्ये मद्रासजवळ सुमारे 12 किलोमीटरची एक पायारेषा मोजून त्याने भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. पद्धत अशी, की एकच बाजू प्रत्यक्ष मोजायची, मग फक्त कोन मोजत जायचं आणि बाकीच्या बाजू गणिताने काढायच्या. त्रिकोणाला त्रिकोण जोडत देशावर जाळी पसरायची. मेशच झाली की ही!

गंमत म्हणजे त्याची पहिली अडचण थर्मलच होती. पायारेषा मोजायला 100 फुटांची पोलादी साखळी वापरत, आणि पोलाद उन्हात वाढतं. 10 अंश सेल्सिअसचा फरक धरा: 12 किलोमीटरवर जवळपास 1.4 मीटरची चूक होते. म्हणून साखळी पेट्यांमध्ये ठेवून, शेजारी थर्मामीटर लावून, तापमानाची दुरुस्ती करावी लागे. लॅम्बटननंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने 1830 मध्ये कोल्बीच्या पट्ट्या आणल्या. पितळ आणि लोखंड अशा जोडल्या होत्या, की तापमान बदललं तरी दोन खुणांमधलं अंतर तेवढंच राहावं.

दुसरी अडचण कोनांची. बाजूतली सापेक्ष चूक समोरच्या कोनाच्या कोटँजंटच्या प्रमाणात वाढते. कोन 60 अंशांचा असेल तर कोटँजंट 0.58, आणि 5 अंशांचा असेल तर 11.4. म्हणजे कोन मोजताना तेवढीच चूक झाली तरी परिणाम वीसपट. म्हणून सर्वेक्षक निमुळते त्रिकोण टाळत. 30 अंशांपेक्षा लहान कोन नको, हा त्यांचा नियम. प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीजही तपासत. पृथ्वी गोल असल्यामुळे ती 180 अंशांहून किंचित जास्त यायला हवी, साधारण 200 चौरस किलोमीटरला एक सेकंद. त्यापलीकडे उरेल ती चूक. थोडी असेल तर तिन्ही कोनांत वाटून टाकायची, जास्त असेल तर पुन्हा डोंगर चढायचा. हा त्यांचा टॉलरन्स.

आता थेट विसाव्या शतकात. 1943 मध्ये कूराँटने त्रिकोणांवर तुकड्यातुकड्याने उत्तर काढण्याची कल्पना मांडली, 1960 मध्ये क्लफने तिला फायनाइट एलिमेंट हे नाव दिलं, आणि 1968 मध्ये झ्लामालने दाखवलं की सगळ्यात लहान कोन एका मर्यादेखाली गेला नाही तर उत्तर अचूकतेकडे जातं. 1976 मध्ये बाबुश्का आणि अझीझ यांनी त्यात सुधारणा केली: खरा धोका 180 अंशांच्या जवळ जाणाऱ्या कोनाचा. तुमच्या सॉफ्टवेअरमधली एलिमेंट क्वालिटीची तक्रार याच घराण्यातली आहे.

पण टॉलरन्सच्या बाबतीत आपण सर्वेक्षकांपेक्षा वेगळं काहीतरी करतो. कॅडमधून आलेल्या मॉडेलमध्ये शेजारच्या पृष्ठांच्या कडा नेमक्या जुळत नाहीत, मध्ये बारीक फट किंवा पातळ चिरफळी राहते, आणि मेशर तिथे सुया-सुया करून ठेवतो. टॉलरन्स वाढवणं म्हणजे ‘याहून जवळचे दोन बिंदू एकच समज’ असं सांगणं. सर्वेक्षक आधी चूक बघत आणि मग ती चालेल का ते ठरवत. इथे वस्तू दिसायच्या आधीच ती नाही असं ठरतं.

थर्मलमध्ये हे महाग पडतं. दोन धातूंमध्ये 0.1 मिलिमीटरची हवेची फट घ्या. हवेची उष्णतावाहकता सुमारे 0.026. दर चौरस मीटरला 10,000 वॅट उष्णता जात असेल तर त्या एवढ्याशा फटीत सुमारे 38 अंशांची घट होते. टॉलरन्स 0.2 मिलिमीटर ठेवला की फट गायब, मेश सुंदर, सॉल्व्हर खूश, आणि चिप कागदावर 38 अंश थंड!

म्हणून माझं मत असं, की आधी कोणत्या कडेवर मेशर अडतोय ते शोधा आणि तेवढीच कड दुरुस्त करा. टॉलरन्स बदलायचाच असेल तर मॉडेलमधल्या सगळ्यात पातळ खऱ्या थराच्या बराच खाली ठेवा. तो थर भूमितीत न काढता संपर्क-रोध म्हणून दिला तर आणखी बरं. मग दोन वेगळ्या टॉलरन्सवर रन करून कमाल तापमान ताडून बघा, आणि आकडा थीसिसमध्ये एककासकट लिहा. एकक नसेल, म्हणजे टॉलरन्स सापेक्ष असेल, तर तो मॉडेलच्या एकूण आकाराच्या प्रमाणात धरला जातो. अशा वेळी त्याच उपकरणाभोवती दहापट मोठा हवेचा डबा काढला, की सेटिंगला हात न लावताही टॉलरन्स दहापट होतो.