प्रतिस्पर्धी देशाची लष्करी ताकद कशी मोजतात? शीतयुद्धातले तीन फसलेले अंदाज

अशी रील तुम्ही नक्की पाहिली असेल. डावीकडे एक देश, उजवीकडे दुसरा, मध्ये आकडे पळतायत: रणगाडे इतके, विमानं इतकी, क्षेपणास्त्रं इतकी. ज्याचे आकडे मोठे, तो जिंकला. विषय संपला.

फोन घेताना मात्र आपण एवढे भोळे नसतो. बॉक्सवर २०० मेगापिक्सेल लिहिलंय म्हणून फोटो भारी येईलच असं नाही, हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालंय. सैन्याचंही तसंच असतं. फरक इतकाच, की फोनची माहिती कंपनी स्वतः छापते, तर प्रतिस्पर्धी देश आपली माहिती लपवतो किंवा फुगवून सांगतो.

म्हणून समोरचा देश किती धोकादायक आहे हे ठरवताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात:

- त्याच्याकडे शस्त्रं किती आहेत?
- ती प्रत्यक्षात कशी चालतात?
- ती वापरायचा त्याचा इरादा आहे का?

अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या शीतयुद्धात या तिन्ही प्रश्नांवर अमेरिकेचे अंदाज चुकले. कसे, ते बघू.

१. किती आहेत? ‘मिसाइल गॅप’ची गोष्ट

जुलै १९५५. मॉस्कोजवळच्या तुशिनो विमानतळावर हवाई प्रदर्शन होतं. एम-४ ही नवी बॉम्बर विमानं प्रेक्षकांच्या डोक्यावरून गेली. ती थोडीच होती, पण वळसा घालून पुन्हा आली आणि संख्या मोठी वाटली, असं नंतर सांगितलं जातं. अमेरिकेत अंदाज बांधला गेला की काही वर्षांतच सोव्हिएत संघाकडे अशी शेकडो बॉम्बर असतील. प्रत्यक्षात ही विमानं एकूण शंभराच्या आसपासच बनली.

जुलै १९५६ पासून यू-२ हे हेरगिरी विमान सुमारे ७०,००० फुटांवरून सोव्हिएत तळांचे फोटो काढू लागलं आणि बॉम्बरची भीती ओसरली. पण ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक अंतराळात गेला. जे रॉकेट उपग्रह वर नेतं, ते अणुबॉम्बही अमेरिकेपर्यंत नेऊ शकतं, हे उघड होतं. त्यात ख्रुश्चेव्ह आपल्याकडे क्षेपणास्त्रं सॉसेजसारखी भराभर बनतायत असं सांगत होते. अंदाज पुन्हा शेकड्यांवर गेले. १९६० च्या निवडणुकीत केनेडींनी ही ‘मिसाइल गॅप’ प्रचाराचा मोठा मुद्दा केली.

उत्तर मिळालं ते कॅमेऱ्यातून. १ मे १९६० ला एक यू-२ पाडलं गेलं आणि त्या उड्डाणांवर पडदा पडला. पण ऑगस्ट १९६० मध्ये ‘कोरोना’ हा टेहळणी उपग्रह यशस्वी झाला. तेव्हा डिजिटल फोटो नव्हते. उपग्रह फिल्मची कुपी खाली सोडायचा, ती पॅराशूटने उतरायची आणि विमान तिला हवेतच आकड्याने पकडायचं! त्या एका मोहिमेत सोव्हिएत भूमीचा जेवढा भाग टिपला गेला, तेवढा आधीच्या सगळ्या यू-२ उड्डाणांनी मिळूनही टिपला नव्हता.

सप्टेंबर १९६१ च्या अधिकृत अंदाजात सोव्हिएत संघाच्या आंतरखंडीय क्षेपणास्त्रांच्या लाँचरची संख्या उरली फक्त १० ते २५. गॅप होती, पण अमेरिकेच्या बाजूने.

मग चूक कुठे झाली? ‘ते एवढी बनवू शकतात’ याचा अर्थ ‘ते एवढी बनवणारच’ असा लावला गेला. शिवाय सर्वांत मोठे आकडे अमेरिकी हवाई दलाचे होते, आणि नव्या बॉम्बर-क्षेपणास्त्रांसाठी पैसेही त्यालाच हवे होते.

२. कशी चालतात? मिग-२५

१९७० च्या सुमारास मिग-२५ चे फोटो पाहून पाश्चिमात्य तज्ज्ञ हादरले. प्रचंड पंख, प्रचंड इंजिनं, आवाजाच्या जवळपास तिप्पट वेग. हे हवेत कोणालाही मात देणारं लढाऊ विमान असणार, असं वाटलं. एफ-१५ च्या आखणीवरही या भीतीचा परिणाम झाला.

६ सप्टेंबर १९७६ ला व्हिक्टर बेलेंको हा सोव्हिएत वैमानिक मिग-२५ घेऊन जपानमधल्या हाकोदाते विमानतळावर उतरला. विमान उघडून पाहिलं, तर सांगाडा बहुतांश पोलादाचा आणि खूप जड. पंख मोठे होते ते चपळाईसाठी नाहीत, तर हे वजन पेलायला. रडारमध्ये व्हॅक्यूम ट्यूब होत्या.

म्हणजे भंगार होतं का? अजिबात नाही. उंचावरून वेगाने येणाऱ्या विमानाला गाठणं, हे एक काम ते उत्तम करायचं. त्याचं टेहळणी रूप भारतीय हवाई दलानेही १९८१ ते २००६ या काळात वापरलं. फोटोत आकार दिसला होता, तो कशासाठी आहे ते दिसलं नव्हतं.

३. इरादा काय? क्युबा, १९६२

१९ सप्टेंबर १९६२ च्या अमेरिकी अंदाजात म्हटलं होतं की सोव्हिएत संघ क्युबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं ठेवण्याची शक्यता कमी आहे. १४ ऑक्टोबरला यू-२ ने तिथे तीच क्षेपणास्त्रं टिपली. बेटावर सुमारे १०,००० सोव्हिएत सैनिक असावेत असा अंदाज होता. प्रत्यक्षात ४०,००० हून अधिक होते. छोट्या पल्ल्याची अण्वस्त्रंही आधीच पोचली होती, पण वॉशिंग्टनला त्यांचा पत्ता नव्हता. त्याच दिवसांत अमेरिकी सेनाधिकारी केनेडींना क्युबावर हल्ला करायचा सल्ला देत होते. तो मानला असता तर काय झालं असतं, विचार करा.

क्षेपणास्त्रं मोजताना धोका फुगला होता. इथे तो कमी लेखला गेला.

पुढची रील बघताना हे तपासा

- आकडा कसा आला? मोजलेला आहे, अंदाज आहे, की त्या देशाने स्वतः सांगितलेला आहे?
- आज आहे की उद्या होईल? ‘२०३५ पर्यंत एवढी’ म्हणजे आज एवढी नव्हे.
- चालू किती? सुटे भाग, इंधन आणि प्रशिक्षित माणसं नसतील, तर विमान हँगरमध्येच राहतं.
- सांगणाऱ्याचा फायदा काय? निधी, मतं की व्ह्यूज?
- इरादा वेगळा तपासलाय का? शस्त्रांच्या यादीत तो कधीच लिहिलेला नसतो.

यातल्या दोन-तीन प्रश्नांचीही उत्तरं रीलमध्ये नसतील, तर ती फॉरवर्ड करायची घाई करू नका.