कामत, निशिकांत

(१७ जून १९७०–१७ ऑगस्ट २०२०). मराठी, तमिळ व हिंदी चित्रपटांचे दिग्दर्शक आणि अभिनेते. जन्म मुंबईत, दादर येथे. तमिळमध्ये त्यांच्या नावावर ‘एवनो ओरुवन’ (२००७) हा एकच चित्रपट आहे. एवढ्यावरून त्यांना तमिळ दिग्दर्शक म्हणावे का, हा वाद घालता येईल. प्रस्तुत नोंदीत मात्र या चित्रपटाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे. कारण स्वतःचाच मराठी चित्रपट उचलून तमिळमध्ये नव्याने उभा करणारे मराठी दिग्दर्शक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत.

तमिळ बोलपटाचा मराठी मुलखाशी संबंध तसा जुना. पहिला तमिळ बोलपट म्हणून गणला जाणारा ‘कालिदास’ (१९३१) मुंबईत अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीत तयार झाला (त्यात नायिका तमिळ बोलते, नायक तेलुगू). ‘सीता कल्याणम्’ हा तमिळ चित्रपट कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने काढला. मद्रासेत बोलपटांचे स्टुडिओ उभे राहीपर्यंत तिकडची नटमंडळी रेल्वेने इकडे येत. कामत गेले ते उलट्या वाटेने.

अभिनेते म्हणून ‘हवा आने दे’ आणि संजय सूरकर दिग्दर्शित ‘सातच्या आत घरात’ (दोन्ही २००४) हे त्यांचे सुरुवातीचे चित्रपट. दिग्दर्शनातील पदार्पण ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) या मराठी चित्रपटाने झाले. आदल्याच वर्षी ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि मराठी चित्रपटाकडे प्रेक्षक पुन्हा वळून पाहू लागला होता. ‘श्वास’मध्ये डॉक्टर झालेले संदीप कुलकर्णी येथे माधव आपटे या बँक कर्मचाऱ्याच्या भूमिकेत आहेत, पत्नीच्या भूमिकेत शिल्पा तुळसकर. छायालेखन संजय जाधव यांचे. सकाळी उठणे, डबा, फलाट, लोकल, बँक, परतीची लोकल ही दिनचर्या सुरुवातीला पुन्हापुन्हा दाखवली जाते, इतकी की प्रेक्षकालाच तिचा जाच व्हावा. लाच, वशिला आणि ‘चालायचंच’ ही वृत्ती यांना विटलेला हा पापभीरू माणूस एके दिवशी क्रिकेटची बॅट हाती घेतो आणि शहरभर न्याय करत सुटतो. कथेचे जोएल शूमाकर यांच्या ‘फॉलिंग डाउन’ (१९९३) या अमेरिकी चित्रपटाशी असलेले साम्य अनेकांनी दाखवले आहे. ते नाकारता येण्याजोगे नाही. पण आपट्यांची लोकल मात्र उसनी नाही.

शीर्षकाचा अर्थ गाडीने रोज जाणाऱ्यालाच नीट कळतो. डोंबिवलीकराच्या दृष्टीने कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेली गाडी म्हणजे दारात लोंबकळणे. डोंबिवलीहूनच सुटणारी जलद गाडी म्हणजे निदान बसायला मिळण्याची आशा. तीही आधी धावत जाऊन जागा अडवली तर, आणि मिळते ती बहुधा चौथी सीट, म्हणजे अर्धे बूड बाकावर आणि अर्धे हवेत. एवढ्याशा सवलतीवर सगळा दिवस तोलून धरणाऱ्या माणसाचा तोल जातो तेव्हा काय होते, हा चित्रपटाचा विषय. २००५ सालच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. माधवच्या हिंसेकडे चित्रपट कौतुकाने पाहतो की खेदाने, याविषयी एकमत नाही.

‘डोंबिवली फास्ट’चा तमिळ अवतार असलेला ‘एवनो ओरुवन’ घडला तो नट आर. माधवन यांच्यामुळे. माधवन तमिळ असले तरी जन्माने जमशेदपूरचे आणि शिक्षणाने कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे. मराठी चित्रपट त्यांना परका नव्हता. मुख्य भूमिकेसोबत निर्मितीचा भार त्यांनी उचलला आणि तमिळ संवादही लिहिले. पत्नीच्या भूमिकेत संगीता, संगीत जी. व्ही. प्रकाशकुमार यांचे. पोलीस अधिकाऱ्याची भूमिका सीमान यांनी केली. ते स्वतः दिग्दर्शक, आणि पुढे ‘नाम तमिळर कच्ची’ या पक्षाचे नेते म्हणून अधिक परिचित झाले. चित्रपट डिसेंबर २००७ मध्ये प्रदर्शित झाला.

भाषांतरात काय गळले आणि काय टिकले, हे नावांवरून पाहण्यासारखे आहे. मराठी शीर्षकात स्टेशन आहे, गाडी आहे, वेग आहे. ‘एवनो ओरुवन’ म्हणजे ‘कोणी एक’. त्यातून गाव पुसले गेले. चेन्नईतही बीच-तांबरम अशी उपनगरी गाडी धावते, पण तेथल्या माणसाचे अवघे आयुष्य तिच्या वेळापत्रकाला टांगलेले नसते. मुंबईत गाडी हे एक पात्रच होते, चेन्नईत ती वाहन राहिली असती, म्हणून शीर्षकातून ती वगळली ते योग्यच झाले. नायक माधव आपटे तमिळमध्ये श्रीधर वासुदेवन होतो. माधव, श्रीधर, वासुदेव ही तिन्ही नावे संध्येतल्या विष्णूच्या चोवीस नावांतली. म्हणजे आडनाव आणि शहर बदलले तरी घर त्याच वळणाचे, पांढरपेशे आणि नियम पाळणारे राहिले. शिवाय मूळचा माधव नटाच्या नावात शिल्लक उरला तो वेगळाच. हे योजून केले असेल किंवा नसेलही. मणिरत्नम यांच्या ‘अलैपायुदे’ (२०००) या माधवन यांच्या पहिल्या तमिळ चित्रपटात ‘एवनो ओरुवन’ याच दोन शब्दांनी सुरू होणारे गाणे आहे, त्यामुळे तमिळ प्रेक्षकाच्या कानाला हे शीर्षक नवे नव्हते.

‘मुंबई मेरी जान’ (२००८) हा हिंदी चित्रपट ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत झालेल्या सात बाँबस्फोटांनंतरच्या मुंबईचा आहे. पटकथा योगेश विनायक जोशी व उपेंद्र सिधये यांची. पाच माणसांच्या पाच कथा. त्यांपैकी निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा हवालदार तुकाराम पाटील (परेश रावल) सर्वाधिक लक्षात राहतो. तमिळ संदर्भात मात्र सायकलवरून कॉफी विकणाऱ्या थॉमसकडे (इरफान खान) पाहिले पाहिजे. शहरात कोणाच्या खिजगणतीत नसलेला हा तमिळ स्थलांतरित मॉलमधून अपमानित होऊन बाहेर पडतो आणि बाँबच्या खोट्या अफवा फोनवरून उठवू लागतो. आपट्यांच्या हाती बॅट होती, थॉमसच्या हाती सार्वजनिक टेलिफोन. कामतांच्या हिंदी कामात हा चित्रपट श्रेष्ठ होय.

यापुढील काळात ते दक्षिणेतील कथा हिंदीत आणू लागले. ‘फोर्स’ (२०११) हा गौतम मेनन यांच्या ‘काक्का काक्का’ (२००३) या तमिळ पोलीसपटाचा अवतार. व्यावसायिक चित्रपटावरील पकड दाखवणारा, त्यापलीकडे विशेष नाही. ‘दृश्यम’ (२०१५) मूळ मल्याळम (२०१३, दिग्दर्शक जीतू जोसेफ). तमिळ आवृत्ती ‘पापनाशम’ जीतू जोसेफ यांनीच कमल हासन यांना घेऊन केली आणि ती जुलै २०१५ च्या आरंभी आली; कामतांची हिंदी आवृत्ती त्याच महिन्याच्या अखेरीस. केरळातला केबलवाला जॉर्जकुट्टी येथे गोव्याचा विजय साळगावकर (अजय देवगण) झाला, आणि ख्रिस्ती कुटुंबाच्या जागी सारस्वत वळणाचे आडनाव आले. दोन ऑक्टोबरला पणजीला सत्संग आणि मग पावभाजी हा साळगावकर कुटुंबाचा पाठ केलेला जबाब इतका तोंडी बसला की ती तारीख आली की लोक अजून त्यावर विनोद करतात. रूपांतर पुन्हा सिधये यांचे. तब्बू यांची पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख ही चित्रपटाची दुसरी भक्कम बाजू.

मराठीत ‘लय भारी’ (२०१४) : रितेश देशमुख यांचा मराठीतील नायक म्हणून पहिला चित्रपट, पंढरपूरची पार्श्वभूमी, अजय-अतुल यांचे संगीत, तिकीटखिडकीवर मोठे यश.

हिंदीतील ‘रॉकी हँडसम’ (२०१६) एका कोरियन चित्रपटावरून. त्याच वर्षीच्या ‘मदारी’त पूल कोसळून मुलगा गमावलेला बाप (इरफान खान) गृहमंत्र्यांच्या मुलाला पळवून नेतो. माधव आपट्यांचाच राग येथे परततो, फक्त आता तो आखणी करून येतो.

अभिनय : ‘४०४’ (२०११), ‘रॉकी हँडसम’ (खलनायक), ‘डॅडी’ (२०१७), ‘भावेश जोशी सुपरहीरो’ (२०१८) इत्यादी.

यकृताच्या विकाराने हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात ‘दृश्यम’च्या पुढच्या भागाचे, ‘दृश्यम २’ (२०२२) या हिंदी चित्रपटाचे, दिग्दर्शन अभिषेक पाठक यांनी केले.