मुलताईचे तळे आणि तापीचे मूळ

नागपूरहून इटारसीकडे जाणारी आगगाडी पांढुर्णा सोडते आणि तिगावच्या पुढे सातपुड्याचा घाट चढू लागते. पांढुर्णा-सौंसरचा संत्र्यांच्या बागांचा प्रदेश खाली राहतो आणि सुमारे ७५० मीटर उंचीच्या पठारावर मुलताई लागते. गावात गोड्या पाण्याचे एक तळे आहे, काठी तापीमातेचे मंदिर आहे. आषाढ शुद्ध सप्तमीस येथे तापीचा जन्मोत्सव होतो. या तळ्याला नदीहून वेगळे असे नाव नाही. लोक त्यास तापी सरोवरच म्हणतात.

गावाचे नावही नदीवरूनच पडले आहे. मूलतापी, म्हणजे तापीचे मूळ, याचेच मुलताई झाले. दोन स्वरांमधील ‘प’ प्राकृतात मृदू होतो: दीपाचा दिवा झाला, कूपाचा कुवा झाला, तापाचा ताव झाला. तापीतील ‘प’ तर पुढे सर्वस्वी लोपला आणि ‘ताई’ उरली. मराठी कानाला हा योगायोग गोड वाटावा यात नवल नाही. हा प्रदेश जुना आहे, याची साक्ष मुलताईच्या ताम्रपटातून मिळते. राष्ट्रकूट नन्नराज युद्धासुर याचे हे दानपत्र शके ६३१ चे, म्हणजे इसवी सन ७०९ च्या सुमाराचे आहे.

पुराणपरंपरेत तापी ही सूर्यकन्या. महाभारताच्या आदिपर्वात सूर्यकन्या तपतीचा विवाह संवरण राजाशी होतो आणि तिच्या पोटी कुरू जन्मतो. म्हणूनच गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ म्हणून हाक मारतो.

आता भूगोल पाहू. तापी येथून पश्चिमेस वळते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ सिंधुसागरास मिळते. परंतु याच मुलताई परिसरात वर्धाही उगम पावते, आणि तिचे पाणी प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेने पूर्वसागरास जाते. पांढुर्ण्याची जाम नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. तेही पाणी अखेर गोदावरीचेच होते. सारांश, जामकाठच्या शेतकऱ्याचे पाणी तापीत जात नाही, तरी घाटमाथ्यावरील तापीला तो आईच म्हणतो.

येथे एक वाद उपस्थित होतो. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनी लिहून ठेवले की, तळे हा श्रद्धेचा उगम असून नदीचा खरा उगम तेथून दोन मैलांवर आहे. हे वाचून भाविक दुखावतो आणि सुशिक्षित हसतो. वकिलीच्या व्यवसायात एक गोष्ट कळते: दोन साक्षी परस्परविरुद्ध दिसल्या, तर दोघांना एकच प्रश्न विचारला होता काय, हे प्रथम पाहावे. मोजणीदाराला विचारले होते, सर्वांत दूरचा ओहोळ कोठे सुरू होतो? भाविकाला विचारले होते, नदीला नमस्कार कोठे करावा? महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात पाच नद्या एकाच गोमुखातून येतात असे आपण मानतो. पुढे त्यांतील सावित्री कोकणात उतरते आणि कृष्णा पूर्वेस जाते. तेथे मोजपट्टी लावण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

परंतु भाविकानेही मोजणीदाराची साक्ष फेटाळून लावू नये. ती मान्य केली, तर तिच्यातून एक कर्तव्य निघते. उगम दोन मैलांवर असेल, तर तळ्याभोवतीची शेते, ओहोळ आणि माळ हेही मूलतापीच ठरतात. केवळ घाट झाडून आणि निर्माल्य काढून तळे शुद्ध राहणार नाही. ज्या माळावरून पावसाचे पाणी येते तो माळही जपावा लागेल. गोमंतकात देवळाच्या तळीची राखण करणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. झरा आटला की पायऱ्या कोरड्याच राहतात.

राज्यांच्या सीमा बदलत राहतात. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. नंतर राजधानी भोपाळला गेली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुलताई बैतूल जिल्ह्यातच आहे. पावसाचे पाणी मात्र जुन्याच वाटांनी दोन समुद्रांकडे जाते, आणि त्यांतील एका वाटेचे मूळ कोठे मानावे हे गावाचे नाव आजही सांगते. त्या नावाचा अर्थ तळ्याच्या काठापाशीच थांबवू नये, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.