नॅनो गणेश
नॅनो गणेश हे शेतातील विद्युत पंप भ्रमणध्वनीद्वारे दुरून चालू-बंद करण्याचे उपकरण आहे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ते विकसित केले. २००९ साली त्यास नोकिया कंपनीच्या नवकल्पना स्पर्धेत पुरस्कार मिळाला.

हे उपकरण पंपाच्या स्टार्टरला जोडतात. शेतकऱ्याने फोनवरून सांकेतिक अंक दाबताच ते आदेश पाळते. पंपापाशी वीज आहे की नाही, हेही कळवते. ग्रामीण भागात कृषिपंपांना अनेकदा रात्रीच वीज मिळते. अशा वेळी अंधारात, सर्पदंशाची भीती बाळगत शेतात जाण्याची गरज त्यामुळे कमी होते.

होम असिस्टंटसारख्या प्रणालीतून ईएसपी८२६६ या सूक्ष्मनियंत्रकाद्वारे घरातील दिवे चालवण्यामागेही दूरस्थ आदेशाचेच तत्त्व असते. मात्र तेथे वाय-फाय लागते, येथे भ्रमणध्वनीचे जाळे पुरते. ते नसल्यास स्टार्टर हातानेच चालवावा लागतो.